घर्षण नगण्य मानू

बत्तीस वर्षं मी कप्पी काढली ती खडूने.
वर आडवी रेघ, तिच्यावर तिरक्या रेघोट्या, म्हणजे छत.
खाली वर्तुळ, वर्तुळावरून दोर,
दोराच्या टोकाला चौकोन.
चौकोनात लिहायचं : भार.
आत काय आहे, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

मे संपत आलाय. पिरावाडीच्या पुळणीवर
होड्या एकेक करून वर येताहेत.
डॉक्टरांनी सांगितलेली चार हजार पावलं मोजत मी चाललो होतो,
दोन हजार सहाशेच्या पुढे कुठेतरी
वैजू मोंडकरच्या होडीपाशी मोजणी चुकली.

होडीवर सुरूच्या तीन बल्ल्यांची तिकाटी,
पायांखाली चिरे, रेतीत रुतू नयेत म्हणून.
एक कप्पी तिकाटीला, एक खाली इंजिनाला,
एकेकीच्या पोटात दोन दोन चाकं.
मुनाफच्या आजोबांच्या त्या,
गलबतं शिडावर चालायची तेव्हाच्या;
काळं शिसव, मुशीच्या तेलाचा वास
अजून न सुटलेला.

इंजिन तीनशेवीस किलो.
गेल्या साली सहा जणांनी ते खांद्यावर काढलं,
तेव्हापासून वैजूच्या नवऱ्याच्या कमरेला पट्टा.
नेपाळी खलाशी गावी गेलेत.
दोराला ती, आणि तिची नणंद कल्पिता.
बस.

“सर, ह्या तुमी आठवीत शिकवललास.
माका चौतीस दिलास.
एक गुण खंयच गावलो नाय?”

मला आठवत नव्हतं. मी पदर मोजायला लागलो.
वरून खाली, खालून वर, पुन्हा खाली, पुन्हा वर :
चार.
तीनशेवीस भागिले चार. ऐंशी किलो, दोघींत चाळीस चाळीस,
मी मोठ्याने म्हणालो, जसं वर्गात म्हणायचो,
उत्तराखाली दोन रेघा मारत.

“शंभर धरा,” वैजू म्हणाली.
“घर्षण नगण्य मानूचा, तुमी सांगललास.
मी मानला.
पन दोराक कोणी सांगूक नाय.”
आणि तळहात उघडून दाखवला.
मी आयुष्यात पुष्कळ उत्तरपत्रिका तपासल्या,
हा कागद तपासायला मला लाल शाई लागली नाही.

हैऽऽ म्हणत दोघी मागे सरकतात.
चार हात दोर येतो, इंजिन एक हात वर.
पुन्हा चार हात. पुन्हा एक.
त्यांच्या पायांशी दोराचं वेटोळं वाढत जातं
आणि मला पहिल्यांदा दिसतं ते,
जे मी दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सांगायचो :
कप्पी काही फुकट देत नाही.
बळात सूट देते, लांबीत वसूल करते.
वाण्यासारखी. पण चोख.

अर्ध्यावर चहा आला.
वैजूने दोराचे दोन वेढे माडाच्या बुंध्याला दिले,
आणि उरलेलं टोक दोन बोटांत धरून,
वेणीची रिबीन धरावी तसं,
दुसऱ्या हातात बशी घेतली.
वर इंजिन. अधांतरी. डुलत नव्हतं.

मी विचारलं, अगं, हे धरलंय कुणी?

“तुमच्या त्या नगण्यान,” ती म्हणाली,
आणि चहा फुंकला.

कल्पिता हसली. मी हसलो नाही लगेच.
माडाची साल दोराखाली चिरडत होती,
बारीक, सुक्या आवाजात.
बत्तीस तुकड्या, बत्तीस वर्षं,
त्या आवाजाला मी शून्य लिहीत आलो.

मग चप्पल काढून मी तिसरा उभा राहिलो.
दोर खरखरीत, ओला, माझ्या समजुतीहून गरम.
हैऽऽ. चार हात.
होडीच्या काठावरून चौकोन वर आला :
डिझेल ठिबकवत, एका अंगाला कललेला,
पाइपाच्या तोंडात एक सुकलेला कुर्ला घेऊन.

“हळू, सर,” वैजू म्हणाली. “हळू.
आता सोडूचा नाय.”